लग्नपत्रिकेवरचा क्यूआर कोड: नकाशा, ग्रुप की स्वतःचं पान?

"क्यूआर टाकायचा ना?" असं पत्रिकेच्या दुकानात हल्ली आपणहून विचारतात. आपण हो म्हणतो. त्या चौकोनातून पाहुणा नेमका कुठे पोचणार, हे मात्र प्रूफ हातात आल्यावर आठवतं. भाचीच्या लग्नात आमचं तसंच झालं. कार्यालय हायवेला लागून आणि नकाशावरची खूण पडली होती रस्त्याच्या पलीकडे. मुंबईहून आलेल्या दोन गाड्यांना कार्यालय समोर दिसत होतं, पण मध्ये दुभाजक. पुढच्या पुलाखालून वळून येईपर्यंत अक्षता पडून गेल्या. त्यातल्या एका गाडीत मुलीची आत्या होती. मी मामा म्हणून भाचीच्या मागे उभा होतो आणि खिशात फोन वाजत होता. तेव्हापासून मी कोडकडे एकाच नजरेने बघतो: यामुळे माणूस मुहूर्ताला पोचतो की नाही?

एकच कार्यालय आणि एकाच दिवसाचं कार्य असेल, तर थेट नकाशाचा कोड पुरतो. लिंक त्या काळ्या-पांढऱ्या चौकटींतच भरलेली असते, मध्ये कुठली कंपनी नसते, मुदत संपत नाही. फक्त कार्यालयाचं नाव शोधून जी खूण येईल ती घेऊ नका, कारण एकाच नावाची दोन-तीन लॉन्स एका शहरात असतात. स्वतः फाटकापाशी जाऊन उभे राहा, तिथे खूण करा, आणि पाहुणे ज्या दिशेने येणार त्या दिशेने एकदा गाडी घेऊन या.

व्हॉट्सॲप ग्रुपचा कोड पत्रिकेवर छापू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बदल कळवायला ग्रुपसारखं साधन नाही, हे खरं. पण ग्रुपमधल्या प्रत्येकाला इतरांचे नंबर दिसतात, आणि छापील पत्रिका कुणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही. नको ती माणसं आली म्हणून लिंक बदलली, की वाटलेल्या सगळ्या पत्रिकांवरचा कोड मेला. शिवाय अभिनंदनाच्या शे-दोनशे निरोपांखाली बसची वेळ गाडली जाते. वऱ्हाडाच्या बसपुरता छोटा ग्रुप करा आणि त्यात माणसं तुम्हीच घाला.

हळद घरी, सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी, लग्न एका कार्यालयात, स्वागत समारंभ दुसऱ्या गावात, असं असेल तर नकाशा अपुरा पडतो. मग इंटरनेटवर स्वतःचं पान हवं. इथे दुकानदार किंवा एखादं संकेतस्थळ 'डायनॅमिक' कोड सुचवतं. साध्या कोडमध्ये लिंक कायमची कोरलेली असते. डायनॅमिकमध्ये कोड बनवणाऱ्या कंपनीची छोटी लिंक असते आणि ती पुढे कुठे न्यायची ते तुम्ही मागाहून बदलू शकता. किती जणांनी स्कॅन केलं तेही कळतं. सोय मोठी आहे, पण अनेक ठिकाणी ती ठरावीक दिवसच फुकट असते. मुदत संपली की कोड बंद, आणि तोवर पत्रिका घरोघरी पोचलेल्या.

माझा सल्ला असा: गूगल साइट्सवर एक साधं पान करा किंवा फक्त वाचता येईल असा गूगल डॉक ठेवा, आणि त्याच्या लिंकचा साधा कोड छापा. लिंक तीच राहते, आतला मजकूर हवा तेव्हा बदलता येतो. डायनॅमिक कोडचं मुख्य काम पैसे न भरता होतं. मुक्कामाला किती जण येणार हे विचारायला त्याच पानावर एक गूगल फॉर्म जोडता येतो. पान उघडं असतं, म्हणून त्यावर घरच्यांचे पत्ते आणि नंबरांची यादी टाकू नका. गावाकडच्या कार्यालयात रेंज नसेल तर हे पान उघडणार नाही, हेही धरून चाला.

मग सगळा मजकूरच मराठीत कोडमध्ये भरला तर? तो बिननेटचा वाचता येतो, पण अडचण वेगळी आहे. हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हने गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तयार केला. त्यात जास्तीत जास्त २,९५३ बाइट मावतात, आणि देवनागरीची प्रत्येक खूण, म्हणजे काना-मात्रासुद्धा, सहसा ३ बाइट घेते. लांब पत्ता भरला की चौकटी इतक्या बारीक होतात की जुन्या फोनला त्या दिसत नाहीत. पत्ता, तारीख आणि मुहूर्त कागदावर अक्षरांतच असू द्या.

छपाईत सोनेरी फॉइल आणि मरून कागद दोन्ही टाळा. फॉइल चमकतं आणि कॅमेरा चकतो. पांढऱ्यावर काळा, निदान अडीच सेंटिमीटरचा, भोवती कोरी जागा सोडलेला कोड लगेच वाचला जातो. मध्ये छोटा गणपती हवा असेल तर दुरुस्तीची पातळी 'एच' मागा. तीत सुमारे ३० टक्के भाग झाकला तरी कोड वाचता येतो. मोबाइलवर पाठवायच्या पत्रिकेत कोडपेक्षा लिंकच बरी, कारण ज्या फोनवर पत्रिका आली त्याच फोनने ती स्कॅन करायला ज्येष्ठांना जमत नाही.

कोडच्या वरच्या बाजूला 'कार्यालयाचा रस्ता' एवढे दोन शब्द छापाच. आपल्याकडे क्यूआर म्हटलं की पैसे, आणि 'कृपया आहेर आणू नये' या ओळीखाली निनावी चौकोन दिसला की माणसं गोंधळतात. त्याखाली एक फोन नंबरही द्या, पण मुहूर्ताच्या वेळी बोहल्यापाशी नसणाऱ्या माणसाचा. धाकट्या भाचीच्या पत्रिकेवर आम्ही शेजारच्या मुलाचा नंबर त्याला विचारून दिला. तो सकाळपासून फाटकाशी उभा होता.