निळा पडदा आणि दहा सेकंद: आरटीएक्स ३०५० लॅपटॉपवर उबंटू २४.०४, आठ महिन्यांनंतर

पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर पाचपैकी दोन तारे दिले असते. आता साडेतीन. कर्नल (लिनक्सचा गाभा; उबंटू हा लिनक्सचाच एक प्रकार) अपडेट झालं की एचडीएमआयवरचा मॉनिटर मरतो आणि सर्व्हिस सेंटर 'लिनक्स आहे, मग आमच्याकडे नाही' म्हणून हात वर करतं, तिथून ही कथा सुरू होते. लॅपटॉपचं नाव देत नाही, कारण दोष मॉडेलचा नाही. प्रोसेसरमधलं इंटेल ग्राफिक्स आणि शेजारी एनव्हिडियाचं कार्ड अशी जोडी जिथे आहे तिथे हेच कमी-जास्त फरकाने होतं.

इन्स्टॉल करताना काळा पडदा आला की सगळे 'नोमोडसेट' टाकायला सांगतात. ग्रबच्या (मशीन सुरू होतानाच्या बूट मेन्यूच्या) यादीत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीत 'क्वाएट स्प्लॅश'च्या पुढे लिहा, एफ१० दाबा. चालतं. पण त्याने इंटेलचाही ड्रायव्हर बंद पडतो, रिझोल्युशन ढोबळ होतं, ब्राइटनेस हलत नाही. मग लोक तेच कायमचं ठेवतात आणि लिनक्सला शिव्या घालतात. त्यापेक्षा तिथेच 'मॉडप्रोब.ब्लॅकलिस्ट=नूवो' लिहा. एनव्हिडियासाठीचा मुक्त ड्रायव्हर तेवढा बाजूला राहतो, इंटेल नीट चालतं.

वेबसाइटवरून '.रन' फाइल उतरवून ड्रायव्हर टाकायचा मोह आवरा. पुढच्या कर्नलला तो तुटतो आणि काढताना घाम फुटतो. 'सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल' पुरे.

आता माझा खरा राग: निळा पडदा. सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल आणि ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा तुकडा) तुमच्याच मशीनवर बांधलं गेलं असेल, तर त्यावर तुमच्या मशीनच्या किल्लीची सही असते. ती किल्ली फर्मवेअरला ओळखीची करून द्यावी लागते. त्यासाठी एक पासवर्ड ठरवायला लावतात (कमीत कमी आठ अक्षरं), आणि रीबूटला निळा पडदा येतो: कोणतीही कळ दाबा, दहा सेकंद. तेवढ्यात चहाचा कप उचललात तर गेलं. मशीन गुपचूप पुढे बूट होतं, विनंती रद्द होते, कुणी काही बोलत नाही. वर डेस्कटॉप छान दिसतो, कारण तो इंटेलवर चालतो. कार्ड मेलंय हे एचडीएमआयची वायर लावेपर्यंत कळतच नाही, कारण अनेक लॅपटॉपात ते पोर्ट थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं. मग माणूस वायर बदलतो, मॉनिटर बदलतो. नव्या वायरीचे पैसे फुकट.

आधी 'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया' करून बघा. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आलं तर वायर निर्दोष आहे. मग:

सुडो मोकयुटिल --टाइमआउट -१
सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/एमओके.डीईआर

पहिल्या ओळीने तो दहा सेकंदांचा काउंटडाउन बंद होतो, पडदा तुमची वाट बघत थांबतो. हे मुळातच असं का नाही, हे मला अजून पटलेलं नाही. रीबूटनंतर 'एनरोल एमओके' (एमओके म्हणजे तीच तुमच्या मशीनची किल्ली), 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, 'रीबूट'. टाइप करताना पासवर्ड दिसत नाही आणि कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, म्हणून चिन्हं टाळा, साधी अक्षरं ठेवा. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूटच बंद करा हा सल्लाही सर्रास मिळतो. विंडोज शेजारी असेल तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की मागू शकतं. ती जवळ नसेल तर तिकडे फिरकू नका.

इथवर मजकूर लिहून ठेवला होता आणि तारे दोनच होते. मग 'मॉडइन्फो एनव्हिडिया' चालवून 'सायनर'ची ओळ पाहिली. तिथे मशीनच्या नावाची 'सिक्युअर बूट मॉड्यूल सिग्नेचर की' होती. म्हणजे मॉड्यूल डीकेएमएसने (मॉड्यूल तुमच्याच मशीनवर बांधणाऱ्या साधनाने) घरीच बांधलेलं. उबंटू मात्र कॅनॉनिकलच्या (उबंटूमागच्या कंपनीच्या) सहीची तयार मॉड्यूलंही देतं. त्यांना निळा पडदा लागतच नाही! ड्रायव्हर ५५० असेल तर:

सुडो ऍप्ट इन्स्टॉल लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया-५५०-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४
सुडो ऍप्ट रिमूव्ह एनव्हिडिया-डीकेएमएस-५५०

आकडा तुमच्या ड्रायव्हरचा टाका. दुसऱ्या ओळीत ऍप्ट अख्खा ड्रायव्हरच काढायला निघाला तर 'एन' दाबून थांबा, पहिलं पॅकेज बसलेलं नाही. नावातलं 'एचडब्ल्यूई' (नव्या कर्नलांची मालिका) विसरू नका. डेस्कटॉपवर कर्नल ६.८ वरून ६.११ आणि मग ६.१४ असं सरकत गेलं. मॉड्यूलचं पॅकेज साध्या 'जेनेरिक'चं असेल तर ते ६.८ ला धरून बसतं, नवं कर्नल ड्रायव्हरशिवाय उठतं. परवाचा मॉनिटर मेला तो याच घोळामुळे.

रीबूटनंतर 'सायनर'मध्ये कॅनॉनिकल दिसलं की झालं. दीड तारा इथे परत दिला.

बाकीचं पटकन. 'प्राइम-सिलेक्ट' (कोणतं ग्राफिक्स वापरायचं ते ठरवणारी आज्ञा) ऑन-डिमांडवरच ठेवा. ब्लेंडरसारखं एखादं ऍप कार्डावर हवं असेल तर आयकॉनवर राइट-क्लिक करून 'लाँच युजिंग डिस्क्रीट ग्राफिक्स कार्ड'. झाकण उघडल्यावर चित्र फाटलेलं दिसत असेल तर 'एनव्हीरेग_प्रिझर्व्हव्हिडिओमेमरीअलोकेशन्स=१' हा पर्याय आणि 'एनव्हिडिया-सस्पेंड' सर्व्हिस, दोन्ही चालू आहेत ना ते बघा. एकाने भागत नाही. आणि फक्त कोड लिहायला, ब्राउझर चालवायला लॅपटॉप घेणार असाल तर कार्डाचे पैसे वाचवा, नुसतं इंटेल घ्या.

बॅटरी भरभर उतरते अशी तक्रार असेल तर कार्ड झोपतंय का ते बघा, पण 'एनव्हिडिया-एसएमआय' या कार्डाची स्थिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने नको. तो कार्डाला हलवून जागं करतो आणि मग म्हणतो, जागं आहे. '/सिस/बस/पीसीआय/डिव्हाइसेस/००००:०१:००.०/पॉवर/रनटाइम_स्टेटस' ही फाइल 'कॅट'ने वाचा (पत्ता आधी 'एलएसपीसीआय'मध्ये जुळवून घ्या). 'सस्पेंडेड' दिसलं तर झोपलंय. 'ऍक्टिव्ह' असेल तर आधी एचडीएमआयची वायर काढून अर्ध्या मिनिटाने परत वाचा.