नाणी खरी की बनावट : जाणकारांना विचारून पाहिलं, त्याचा वर्षभराचा अनुभव

अण्णा गेल्यावर त्यांच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत 43 नाणी होती, प्रत्येक वेगळ्या कागदी पुडीत, आणि प्रत्येक पुडीवर अण्णांच्या पोस्टातल्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: कुठून घेतलं, कधी घेतलं, किती पैसे दिले. बरीचशी मोडवाल्याकडून वजनावर घेतलेली तांब्याची. सिन्नरला नोकरीत असताना ते दर पगाराला एखादं तरी आणायचे आणि आई चिडायची, एवढंच मला आठवत होतं. नाण्यांतलं मला काहीच कळत नव्हतं.

गेल्या वर्षी मावसभावाने मला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या एका गटात घातलं. फोटो टाकायचा, विचारायचं, जाणकार उत्तर देतात. फी नाही. त्या विचारण्याचा हा अनुभव लिहिते आहे, कारण असे डबे आणखी कितीतरी घरांत पडून असतील.

पहिली गोष्ट, नुसता फोटो टाकून 'हे खरं आहे का?' असं विचारू नका. मी तेच केलं. पंख्याखाली पलंगावर ठेवून काढलेला एक तिरका फोटो. उत्तर आलं, 'ताई, वजन? व्यास? मागची बाजू? कड?' कड कशाला, हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर एका काकांनी नीट समजावून सांगितलं. जुनं नाणं ठोकून पाडलेलं असतं. धातूची चकती दोन ठशांमध्ये धरून वरून हातोडा मारला की छाप उमटते आणि धातू बाहेरच्या बाजूला पसरतो, म्हणून कडेला कधी कधी बारीक चिरा पडतात. बनावट नाणं बहुतेक वेळा साच्यात ओतलेलं असतं. मग कडेवर दोन साचे जुळल्याची बारीक रेघ राहते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा राहतात, आणि पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे. अक्षरंही साबण झिजल्यासारखी बोथट होतात.

म्हणून मी 10 पट मोठं दाखवणारं भिंग आणि 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा घेतला. दोन्ही मिळून 700 रुपयांच्या आत. काटा बरोबर आहे का, हे बघायची युक्तीही तिथेच मिळाली: 2011 साली आलेल्या मालिकेतलं पाच रुपयांचं कोरं नाणं ठेवा, 6.00 ग्रॅम यायला हवं. माझ्या काट्यावर 5.99 आलं. चालेल म्हणाले.

आता होनाबद्दल. एका पुडीवर अण्णांनी लिहिलं होतं, 'शिवराई होन, 1987, 350 रु.' या एका नाण्यावर आमच्या घरात फार बोलणं व्हायचं. रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या वेळचं, सोन्याचं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. मी आधी तेच टाकलं. खरा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरतो, आमचा 2.71 भरला, म्हणून मला वाटलं झालं काम. तेवढ्यात धुळ्याकडच्या एका आजोबांनी लिहिलं, 'वजन जुळतंय, पण जाडी जास्त दिसते. पाण्यात मोजून बघा.' आणि रीत सांगितली.

त्या रात्री सगळे झोपल्यावर ओट्यावर बसून केलं. खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते मापाचं टोपण काट्यावर ठेवलं, त्यात पाणी घातलं, काटा शून्यावर आणला. होनाला शिवणाचा दोरा बांधून तो पाण्यात सोडला, तळाला आणि बाजूला टेकू न देता. हात थरथरत होता, म्हणून कोपर ओट्यावर टेकवलं. काट्यावर जो आकडा येतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. नाण्याचं वजन त्या आकड्याने भागलं की धातूची घनता मिळते. शुद्ध सोन्याची 19.3, म्हणजे 2.71 ग्रॅमच्या होनाला 0.14 यायला हवं होतं. आलं 0.31. पुसून परत सोडलं, 0.31. तिसऱ्यांदाही तेच. भागाकार 8.7 च्या जवळ. पितळ किंवा तांबं, वरून सोन्याचा मुलामा.

सकाळी मी आकडे टाकले. आजोबांनी लिहिलं, 'ताई, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या वडिलांनी पुडीवर तारीख आणि किंमत लिहून ठेवली, हे किती जण करतात?' मला ते वाचून रडू आलं. अण्णांना 350 रुपये म्हणजे तेव्हा काय होतं, ते मला माहीत आहे.

ही पाण्याची चाचणी लहान चांदीच्या नाण्यांना मात्र तितकी उपयोगाची नाही, हेही तिथेच कळलं. दोन ग्रॅमचं नाणं जेमतेम 0.20 पाणी सारतं. त्यात काट्याची 0.01 ची चूक आली तर घनता 9.7 की 10.2 हे ठरत नाही, आणि जुन्या चांदीत तांब्याची भेसळ असतेच. सोन्याच्या मुलाम्याखालचं पितळ-तांबं मात्र ती घरबसल्या पकडते.

दुसरा प्रसंग माझ्या स्वतःच्या खरेदीचा. उत्साहात मी एका विक्रेत्याकडून नहपान या क्षत्रप राजाचं चांदीचं नाणं मागवलं, 2,800 रुपयांना. एका बाजूला राजाचं डोकं आणि भोवती बिघडलेली ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. वजन 1.71 आलं. खरं नाणं दोन-सव्वादोन ग्रॅम भरतं, त्यापेक्षा बरंच कमी. तिघे म्हणाले झिजलंय, दोघे म्हणाले ओतीव. दोन दिवस वाद चालला आणि मला काहीच ठरवता येईना. मग एकाने दुसऱ्याच विक्रेत्याकडच्या नाण्याचा फोटो आणून माझ्याशेजारी लावला. काठाला डावीकडे तीच खाच. गालावर तोच पोचा. एकाच ठशातली दोन नाणी सारखी असू शकतात, पण पडून लागलेला पोचा दोन नाण्यांना हुबेहूब त्याच जागी येत नाही. दोन्ही एकाच साच्यातली. विक्रेत्याला फोटो पाठवले, महिनाभर पाठपुरावा केल्यावर निम्मे पैसे परत आले. इतके लोक एकत्र बसण्याचा खरा फायदा हा. कुणीतरी ते जुळं नाणं आधी पाहिलेलं असतं.

आणि आता जे लिहायला मी इतके दिवस उत्सुक होते ते. शेवटच्या पुडीत काळपट, वाकडंतिकडं, लहानसं एक नाणं होतं. अण्णांनी लिहिलेलं, 'चांदी. ओळख नाही. 1979.' किंमत 12 रुपये. भिंगाखाली मला त्यावर नुसता गोंधळ दिसत होता: अधिकाचं चिन्ह, त्याच्या चार टोकांना चार वर्तुळं, आणि त्याच्या मागून डोकावणारी कसली तरी टोकदार रेघ. मी 'खराब नाणं' असं लिहून फोटो टाकला. पाच मिनिटांत उत्तर आलं, 'ताई, खराब नाही हो! नाणं उलटं करा, प्रकाश बाजूने येऊ द्या.'

टॉर्च आडवा धरला. या बाजूला डोंगरासारख्या कमानी होत्या, त्यांच्या खालून एक नाक दिसलं. मग हनुवटी, मग कान. नहपानाचा चेहरा, आणि त्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने मारलेला आपला ठसा. मागच्या बाजूची ती रेघ म्हणजे बाण, चार वर्तुळांच्या त्या अधिकाखाली दबलेला; त्या खुणेला उज्जैन चिन्ह म्हणतात. वजन 2.04.

1906 साली आमच्या सिन्नर तालुक्यात, गोदावरीकाठच्या जोगलटेंभीला नहपानाच्या 13,000 हून जास्त नाण्यांचा साठा सापडला होता आणि त्यातल्या 9,000 हून जास्त नाण्यांवर सातकर्णीने पुन्हा ठसा मारलेला होता, हे मला त्या संध्याकाळी कळलं. शाळेत असताना अण्णा आम्हाला पांडवलेण्यांना न्यायचे. तिथल्या तिसऱ्या लेण्यात सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात आपल्या मुलाबद्दल ती सांगते की त्याने खखरातांचा, म्हणजे नहपानाच्या क्षहरात वंशाचा, निःशेष नाश केला. आईने दगडात कोरून ठेवलेली गोष्ट आणि मुलाने चांदीवर ठोकून सांगितलेली गोष्ट एकच. आणि त्यातला एक तुकडा आमच्या बिस्किटाच्या डब्यात होता. अण्णा त्या लेखासमोर उभे राहून आम्हाला वाचून दाखवायचे, आणि त्यांना माहीत नव्हतं.

तरीही त्या लोकांनी 'शंभर टक्के खरं' असं म्हटलं नाही, आणि याच कारणाने माझा त्यांच्यावर विश्वास बसला. फोटोवरून बनावट ठामपणे सांगता येतं. अस्सल ठामपणे सांगता येत नाही, त्यासाठी हातात घ्यावं लागतं. खरी नाणी डोळ्यांखालून घाला, म्हणाले; त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला 1980 साली स्थापन झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे जा. नाशिकच्या एवढ्या जवळ असं काही आहे हे मला पन्नाशीत कळलं.

खटकलेल्या गोष्टीही सांगते. होनाच्या वेळी एकाने मला वेगळा निरोप पाठवला: 'नकली आहे, पण 500 ला मी घेतो.' या सातकर्णीच्या नाण्यावरही एकाने असंच खाजगीत 'ओतीव वाटतं, 300 देतो' म्हटलं. जो पारख करतो त्यालाच विकत घ्यायचं असेल तर त्याच्या पारखीवर विसंबू नका. चारचौघांत विचारा आणि उत्तरही चारचौघांत मागा.

माझी एक चूक तुम्ही करू नका. फोटो चांगला यावा म्हणून मी तीन शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, चिंच-मिठाने घासल्या. लखलखीत झाल्या. तांब्यावर शेकडो वर्षांत चढलेला तो हिरवट-तपकिरी थर हाच जुनेपणाचा एक पुरावा असतो, आणि मी तो पाच मिनिटांत नाल्यात सोडला. 'श्री राजा शिव' अक्षरं स्पष्ट आहेत, मण्यांची किनार आहे, वजनही 11 ग्रॅमच्या वर आहे, पण आता जाणकारही थोडे बिचकूनच बोलतात. बाकीच्या दुदांडी (दोन आडव्या रेघांच्या) शिवराया मी जशा आहेत तशाच ठेवल्या आहेत.

मारुतीचं किंवा रामदरबाराचं चित्र आणि 1616 किंवा 1818 असं साल असलेलं 'ईस्ट इंडिया कंपनी'चं नाणं घरात असेल तर विचारायचीही गरज नाही. कंपनीने तशी नाणी कधी पाडली नाहीत. ती तांदूळ ओढते असं सांगून कुणी लाखांचा भाव बोलला तर फोन ठेवून द्या.

उत्तराला साधारण दहा मिनिटांपासून दोन दिवस लागतात. शिवराई, मुघल रुपये, क्षत्रपांची चांदी यांना झटपट. शिशाच्या सातवाहन नाण्यांना फार वेळ, कारण त्यातलं जाणणारे थोडे. माझं शिशाचं हत्तीचं एक नाणं तीन महिन्यांपासून तसंच अडकलं आहे.

मागच्या पावसाळ्यात एका मुलाने गटात मातीच्या मडक्याचा फोटो टाकला, विहिरीच्या कामात निघालेलं, आत चिकटलेली नाणी. 'खरी आहेत का आणि किती येतील?' असं त्याने विचारलं. त्या एका दिवशी कुणीच वजन विचारलं नाही. आजोबांनी लिहिलं, 'बाळा, 1878 चा निखात निधी कायदा आहे. जमिनीतून निघालेलं दहा रुपयांच्या वरचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मडकं धुऊ नकोस, नाणी सुटी करू नकोस, उद्या सकाळी तहसील कचेरीत जा.' एकाने जागा विचारली तर बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाने कचेरीतल्या पोचपावतीचा फोटो टाकला.