प्रॉक्समॉक्सचा ऑटोमेटेड इन्स्टॉलर आणि झेडएफएस पूल: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने आमच्याकडे येणारा प्रत्येक नवा सर्व्हर प्रॉक्समॉक्स व्हीईच्या (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) ऑटोमेटेड इन्स्टॉलरनेच उभा राहतो. ही सोय एप्रिल २०२४ मध्ये ८.२ आवृत्तीसोबत आली. टाइमझोन, रूट पासवर्ड, नेटवर्क, डिस्क असं सगळं एका आन्सर फाइलमध्ये लिहायचं. मॉनिटर-कीबोर्ड जोडायची गरजच नाही. पहिल्या तीन गोष्टी एकदा लिहिल्या की झालं. खरी कसोटी डिस्कची.

फाइलमध्ये डिस्क दोन पद्धतींनी सांगता येतात. एक म्हणजे थेट नावांची यादी, एसडीए, एसडीबी वगैरे. दुसरी म्हणजे फिल्टर, जो यूडेव्हच्या (लिनक्समधली उपकरणं ओळखणारी व्यवस्था) माहितीवर चालतो: मॉडेल, सिरियल नंबर असं काही. दोन्ही एकत्र चालत नाहीत. माझं मत ठाम आहे, फिल्टरच वापरा. एचबीए कार्ड (डिस्क जोडायचं वेगळं कार्ड) आणि मदरबोर्डचे पोर्ट दोन्ही वापरात असतील, तर आज एसडीए असलेली डिस्क पुढच्या बूटला एसडीसी होऊ शकते आणि इन्स्टॉलर विचारत न बसता समोरची डिस्क पुसून मोकळा होतो.

मात्र फिल्टर घट्ट लिहा. एक्सटी४ ही साधी फाइल सिस्टीम निवडलं तर जुळलेल्यांपैकी पहिलीच डिस्क घेतली जाते, झेडएफएसमध्ये (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी फाइल सिस्टीम) जुळलेल्या सगळ्या पूलमध्ये, म्हणजे डिस्कच्या एकत्रित साठ्यात, जातात. रेड१ (प्रत्येक डिस्कवर तोच डेटा) लिहिलं आणि चार डिस्क जुळल्या, तर चौपदरी मिरर, म्हणजे एकाच डेटाच्या चार प्रती, तयार होतो आणि जागा मिळते एकाच डिस्कची. बूटच्या आणि डेटाच्या एसएसडी एकाच कंपनीच्या असतील तर कंपनीच्या नावापुढे तारांकन लावून भागत नाही, पूर्ण मॉडेल लिहावं लागतं. यासाठी सोबतच्या असिस्टंट टूलमधली डिव्हाइस-मॅच कमांड फार उपयोगी आहे. त्याच मशीनवर लाइव्ह लिनक्समधून ती चालवली की कुठल्या डिस्क जुळतायत ते आधीच दिसतं. आमच्याकडे हे पाहिल्याशिवाय फाइल पुढे जात नाही. नुसती फाइल तपासणारी व्हॅलिडेट कमांड व्याकरण बघते, तुमच्या डिस्क नाही.

दुसरा मोठा फायदा एकसारखेपणाचा. अ‍ॅशिफ्ट १२, म्हणजे ४०९६ बाइटचा सेक्टर (डिस्कवर लिहायचा सर्वात लहान तुकडा), पूल बनताना ठरतो आणि त्या डिस्कगटासाठी नंतर बदलत नाही. तो फाइलमध्ये आहे, फाइल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन) आहे, बदल केला की दुसरा कोणीतरी वाचतो. एआरसी कॅशची (झेडएफएस वाचनासाठी वापरते ती रॅम) मर्यादाही इथेच देता येते. काही दिलं नाही तर इन्स्टॉलर रॅमच्या १० टक्के, फार तर १६ जीबी ठेवतो. व्हीएमने भरलेल्या होस्टला हे योग्यच आहे, बॅकअपच्या मशीनला मात्र मी वाढवून देतो. एचडीसाइज (डिस्कची किती जागा वापरायची तो आकडा) कमी देऊन डिस्कच्या शेवटी थोडी जागाही मोकळी सोडतो, कारण झेडएफएसवर इन्स्टॉलर स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) पार्टिशन करत नाही, ते नंतर तिथे करता येतं.

उणिवा आहेत. पूल एकच बनतो, आरपूल नावाचा. डेटाचा वेगळा पूल, हवे तसे डेटासेट (पूलमधले वेगळे विभाग), एन्क्रिप्शन हे सगळं नंतर अ‍ॅन्सिबल या सर्व्हरची मांडणी आपोआप करणाऱ्या साधनाने करावं लागतं. मला डेटा पूलचं वर्णनही याच फाइलमध्ये हवं आहे.

आन्सर फाइल एचटीटीपीवरून घेण्याची सोय मात्र अप्रतिम. इन्स्टॉलर मशीनचा सिरियल, मॅक अ‍ॅड्रेस वगैरे सर्व्हरला पाठवतो, सर्व्हर त्यानुसार फाइल देतो. त्यामुळे आयएसओ एकच, पण रॅकमधल्या प्रत्येक मशीनला तिच्या डिस्कप्रमाणे पूल.