सातबारा आमचा, विमा भलत्याचाच

२०२३ चा खरीप. त्याच वर्षी राज्य सरकारने पीकविमा १ रुपयात केला, शेतकऱ्याच्या वाट्याचा बाकी हप्ता सरकार भरणार होतं. ऑगस्टभर मराठवाड्यात पावसाने दडी मारली, सोयाबीन फुलोऱ्यातच करपलं आणि दिवाळीच्या तोंडावर विमा भरपाईचं २५ टक्के अग्रिम जमा व्हायला लागलं. बांधाशेजारच्या काकांचं रान आमच्याएवढंच, त्यांना बऱ्यापैकी पैसे आले. वडिलांच्या खात्यात जे आलं त्यात खताचं पोतंही आलं नसतं.

विम्याची पावती काढली. नाव बरोबर, गट नंबर बरोबर, पीक सोयाबीन, क्षेत्र मात्र २० आर. आमचं रान १ हेक्टर २० आर. अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्रवाल्याने सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक सगळं घेतलं होतं, वर शंभर रुपये. (त्याला दर अर्जामागे विमा कंपनीकडून ४० रुपये मिळतात, शेतकऱ्याने तेव्हा द्यायचा होता तो फक्त १ रुपया. गावात हे कुणी सांगत नाही.) विचारलं तर म्हणाला, "टायपिंगमध्ये चुकलं असेल, दादा."

तालुक्याच्या कृषी कार्यालयातल्या एका भल्या माणसाने आमचा गट नंबर टाकून स्क्रीन आमच्याकडे वळवली. उरलेल्या १ हेक्टरवर दुसराच अर्ज होता, लांबच्या तालुक्यातल्या कुणाच्या तरी नावाने. गटाचं क्षेत्र ओलांडलं की संशय येतो, म्हणून आमचंच कापलेलं. सोबत भाडेकरार जोडलेला, वडिलांनी म्हणे रान ठोक्याने दिलं, आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. वडील जुने मॅट्रिक. सोसायटीच्या कागदावर अजून झोकदार सही करतात. त्या अंगठ्याचा त्यांना पैशांपेक्षा जास्त राग आला.

ज्याच्या नावाने अर्ज होता त्याचा माग काढला. तोही आमच्यासारखाच अल्पभूधारक निघाला. केंद्रवाल्याने त्याचं आधार आणि खातं वापरलं, पैसे काढून घेतले आणि त्याच्या हातावर पाचशे टेकवले. अशी किती खाती असतील देव जाणे.

हे जमतं कसं? आमचा सातबारा सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर कुणालाही दिसतो, कुणाची किती जमीन ते घरबसल्या कळतं. पण त्याच जमिनीवर विम्याचे पैसे कोण उचलतंय, ते आम्हाला दिसत नाही. विम्याच्या पोर्टलवर आपला पावती क्रमांक टाकला तर आपलाच अर्ज उघडतो. पीएम-किसानच्या ६ हजारांची गावनिहाय यादी मात्र सगळ्यांसाठी खुली आहे, पारावर बसून मोबाइलवर वाचता येते. विम्याची तशी यादी असती तर परक्या तालुक्यातलं नाव आमच्या गावात एक दिवस टिकलं नसतं. गावाला कुणाचा बांध कुठे आहे ते पाठ असतं.

माहिती अधिकारात यादी मागितली. उत्तर आलं, त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती, देता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये अनुदानाच्या योजनांचे लाभार्थी कोण, हे सरकारने न मागता जाहीर करायचं असं लिहिलंय. अपील केलंय. पोलिसांतही तक्रार दिली आहे.

पुढे देवस्थानाच्या, सरकारी जमिनींवरही असे विमे उतरवल्याचं बाहेर आलं आणि २०२५ च्या खरिपापासून १ रुपयाची सोय बंद झाली. आता खरिपाच्या धान्याला, तेलबियांना विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता खिशातून जातो. म्हणून केंद्रावरून उठण्याआधी पावती हातात घ्या, गट, क्षेत्र आणि खात्याचे शेवटचे आकडे तिथेच जुळवा. ई-पीक पाहणी, म्हणजे रानात कोणतं पीक आहे त्याची सरकारी नोंद, स्वतःच्या मोबाइलवरून करा, दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नका. कृषी सहायकाला गाठून आपल्या गटावर आणखी कुणाचा अर्ज आहे का ते विचारा, आणि तेही अर्जाची मुदत संपण्याआधी. काही खटकलं तर पीकविम्याच्या १४४४७ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. आम्हाला पहिल्यांदा सगळ्यांनी तोच विचारला.