मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह गळतोय: गास्केट बदलावं की अख्खा व्हॉल्व्ह?

स्विमिंग पूलच्या सँड फिल्टरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, म्हणजे हँडल फिरवून पाण्याची वाट बदलणारा व्हॉल्व्ह, गळायला लागला की सोसायटीच्या कमिटीपुढे दोन कोटेशनं येतात: एक गास्केट बदलण्याचं, दुसरं नव्या व्हॉल्व्हचं. नुसते आकडे बघून ठरवू नका. आधी पंपरूममध्ये जाऊन पाणी नेमकं कुठून येतंय ते पाहा.

व्हॉल्व्ह 'फिल्टर'वर असताना वेस्टच्या पाइपातून, म्हणजे बॅकवॉशचं (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतल्याचं) पाणी जिथून बाहेर पडतं तिथून, धार येत असेल तर दोष बहुधा आतल्या स्पायडर गास्केटचा. चाकाच्या आऱ्यांसारखं दिसणारं हे रबर एका वाटेचं पाणी दुसऱ्या वाटेत जाऊ देत नाही. ते फाटलं, खाचेतून उचललं गेलं किंवा त्याखाली वाळूचा कण अडकला, की पाणी थेट ड्रेनेजमध्ये जातं. मला सगळ्यात जास्त काळजी याच गळतीची वाटते, कारण फरशी कोरडी राहते आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. पाइपाखाली बादली धरून मोजा. मिनिटाला १ लिटर पाणी जात असेल, तर पंप १० तास चालला की ६०० लिटर गेलं, तेही क्लोरीन घातलेलं. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीने हे एक दिवसही चालू देऊ नये.

हँडलच्या दांड्याशी पाणी दिसलं तर तिथली ओ-रिंग (रबराची गोल कडी) गेलेली असते. झाकणाच्या कडेने झिरपलं तर झाकणाची. या तिन्ही ठिकाणी दुरुस्तीच करा. पार्ट स्वस्त असतो आणि पाइप कापावे लागत नाहीत. पंप बंद करून फिल्टरचं प्रेशर सोडायचं, फिल्टर पूलच्या पातळीखाली असेल तर आधी दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करायचे, आणि उघडण्यापूर्वी झाकण व बॉडीवर मार्करने खूण करायची. झाकण उलटं बसलं तर हँडलवरची नावं आणि आतल्या वाटा जुळणार नाहीत. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच लावा. व्हॅसलीनने रबर फुगू शकतं.

बॉडीला तडा गेला असेल किंवा आटे गेले असतील तर मात्र नवा व्हॉल्व्ह घ्या. प्रेशरखाली तिथे एम-सील टिकत नाही. फक्त व्हॉल्व्हच्या किमतीवर हिशेब संपत नाही. साइड-माउंट (टाकीच्या बाजूला बसवलेला) असेल तर दोन पाइपांमधलं अंतर जुळलं पाहिजे, नाहीतर सगळी जोडणी कापून पुन्हा करावी लागते. टॉप-माउंटला (टाकीच्या डोक्यावर बसवलेल्याला) टाकीच्या तोंडाचं माप जुळावं लागतं, आणि काढताना मधल्या पाइपाचं तोंड झाकलं नाही तर आत वाळू जाते.

बॉडी धड आहे, पण रोटरवर (हँडलसोबत आत फिरणाऱ्या भागावर) चरे पडलेत, स्प्रिंग ढिली झालीय, असं असेल तर झाकण, हँडल, रोटर आणि गास्केट असा वरचा पूर्ण सेट काही मॉडेलना वेगळा मिळतो. जुन्या व्हॉल्व्हसाठी मी हाच पर्याय आधी विचारेन, कारण झिजलेल्या रोटरवर नवं गास्केट फार दिवस टिकत नाही.

पंप चालू ठेवून हँडल फिरवलं तर नवा व्हॉल्व्हही असाच गळेल. ऑपरेटरला हे समजावून पंपाच्या स्विचशेजारी पाटी लावा. पार्ट मागवताना व्हॉल्व्हवरचा मॉडेल नंबर, पाइपाचा साइज (दीड इंची की दोन इंची) आणि जुन्या गास्केटचा फोटो पाठवा. दिसायला सारखी गास्केटं एकमेकांच्या खाचेत बसतीलच असं नाही.