स्वप्नात जागं करणारा लाल लाईटचा मास्क: चार महिने वापरून झालेला रिव्ह्यू

हा रिव्ह्यू लांब होणारे, कारण मी मास्क चार महिने जवळजवळ रोज वापरलाय आणि घेण्याआधी मला मराठीत याबद्दल नीट काही वाचायलाच मिळालं नव्हतं. वस्तू अशी आहे: डोळ्यांवर बांधायचा काळा मऊ मास्क, आत दोन्ही डोळ्यांसमोर बारीक लाल एलईडी, मोबाईलमधल्या ॲपला जोडायचा, किंमत ३,२०० रुपये. आपण स्वप्न बघत असताना लाईट लुकलुकतो, तो उजेड बंद पापण्यांतून स्वप्नात शिरतो आणि आपल्याला कळतं की अरे, हे तर स्वप्न चाललंय. ल्युसिड ड्रीम म्हणतात ते हेच, झोप चालूच राहते पण आत आपण शुद्धीवर असतो.

मला हे कशाला हवं होतं ते आधी सांगते. मी ४१ व्या वर्षी तबला शिकायला लागले. धा धा तिट धा धा तिना, ता ता तिट धा धा धिना, हा दिल्लीचा कायदा (म्हणजे बोलांची ठरलेली रचना) तबला शिकणाऱ्या बहुतेकांनी वाजवलेला असतो, तो मला ठाय म्हणजे संथ लयीत छान येतो पण दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात गेलं की तिट चिकटतं, ति आणि ट एकच आवाज होऊन जातो. ऑफिस, घर, स्वयंपाक यातून रियाजाला कसाबसा अर्धा तास मिळतो आणि फ्लॅटमध्ये रात्री नऊनंतर वाजवायची सोय नाही. मग कुठेतरी वाचलं की डॅनियल एर्लाखर आणि मिखाएल श्रेडल या दोघांनी २०१० मध्ये एक प्रयोग छापला होता, त्यात लोकांनी ल्युसिड स्वप्नात जाऊन नाणं कपात फेकायची प्रॅक्टिस करायची होती. ज्यांना ती जमली त्यांचा सकाळी नेम खरंच सुधारला होता. माझ्या डोक्यात लगेच आलं की नाणं सुधारतं तर तिट का नाही. पण त्याच प्रयोगातला दुसरा आकडा मी तेव्हा घाईत सोडून दिला, २० जणांपैकी फक्त ७ जणांना स्वप्नात ती प्रॅक्टिस करता आली होती. बाकीच्या १३ जणांचं काय झालं असेल याचा मी आता फार विचार करते, कारण पहिले दोन महिने मी त्या तेरांतलीच होते.

नवव्या रात्री पहिल्यांदा लागलं. स्वप्नात मी एसटी स्टँडवर उभी होते, समोरच्या गाडीचा मागचा लाल दिवा लुकलुकत होता, पाच वेळा, थांबून परत पाच वेळा. ॲपमध्ये मी पाच ब्लिंकच सेट केले होते. मला कळलं! इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे उडाले, स्टँडच्या पत्र्यांवरून गेले, वारा कानाला लागत होता, सगळं लख्ख. आणि त्या पूर्ण वेळात, हे स्वप्न आहे हे पक्कं माहीत असूनसुद्धा, मला वाटत होतं की मी हॉस्टेलला राहते आणि बारावीचा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख आहे. नवरा, मुलगी, नोकरी, तबला, काही म्हणजे काही आठवलं नाही. जाग आल्यावर उशीत तोंड घालून अक्षरशः रडले, कारण जे करायला गेले होते ते सोडून मी सगळं केलं होतं.

मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, ते दिसण्यापुरतं खरं असेल. पण मनातलं ठरवलेलं काम आपोआप सोबत येत नाही. वाचत गेल्यावर कारण कळलं. ज्या झोपेत डोळे भराभर हलतात आणि ठसठशीत स्वप्नं पडतात, त्या रेम झोपेत मेंदूचा कपाळामागचा भाग, जो बेत लक्षात ठेवणं, विचार तपासून बघणं अशी कामं करतो, तो बराच मंदावलेला असतो. ल्युसिड झालं तरी तो एकदम पूर्ण जागा होतोच असं नाही. स्वप्न आहे हे कळणं आणि मी कोण, कुठे झोपलेय, मला काय करायचं होतं हे आठवणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मास्क पहिल्या गोष्टीला मदत करतो, दुसरीसाठी त्यात काहीच नाहीये आणि बॉक्सवर याबद्दल एक अक्षर नाही. माझी पहिली तक्रार हीच.

आजी बाजारातून काही आणायचं असलं की पदराला गाठ मारायची. मास्कचा लाईट म्हणजे ती गाठ. पण गाठ मारताना कशासाठी मारतोय ते मनात घट्ट धरलं नसेल तर बाजारात नुसती गाठ दिसते आणि माणूस उभा राहतो. स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी १९८० च्या सुमारास जी माइल्ड नावाची पद्धत मांडली ती मला अगदी हीच वाटते. पाचेक तास झोपून उठायचं, नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं, आणि परत झोपताना मनात म्हणत राहायचं की पुढचं स्वप्न पडेल तेव्हा मला आठवेल की हे स्वप्न आहे, आणि स्वतःला त्याच स्वप्नात शुद्धीवर आलेलं डोळ्यांसमोर आणायचं. परत येताना दूध आणायचं लक्षात ठेवतो ना, तीच ही स्मरणशक्ती. ऑस्ट्रेलियात डेनहोम ॲस्पी यांच्या २०१७ च्या अभ्यासात हे सगळं, आणि जोडीला दिवसा 'आत्ता मी स्वप्नात तर नाही ना' हे तपासणं, असं मिळून करणाऱ्यांना आठवडाभरात सरासरी १७ टक्के वेळा यश आलं, आणि जे हे म्हणून झाल्यावर ५ मिनिटांत झोपले त्यांच्यात ४६ टक्के. मास्क वगैरे काही न वापरता, हे लक्षात घ्या.

आणि अजून एक, जे मला फार भिडलं. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ल्युसिड ड्रीमचा पहिला पुरावा नोंदवला तो कसा, तर ॲलन वर्स्ली नावाच्या माणसाने स्वप्नात असताना आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले आणि मशीनवर ते उमटलं. म्हणजे त्याला झोपेत जाग्या माणसाशी केलेला वायदा आठवला, तेव्हा कुठे जगाला पुरावा मिळाला. २०२१ मध्ये तर चार देशांतल्या लॅबमध्ये झोपलेल्या लोकांना गणितं घातली, आठातून सहा गेले किती, आणि स्वप्नातून डोळ्यांनी दोन असं उत्तर आलं. तेव्हा हे होतं, माणसाला होतं, फक्त तयारी लागते.

मग मी तयारी बदलली. साडेचारला बारीक व्हायब्रेशनचा गजर (नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून घड्याळ हाताला), उठून पाणी पिऊन दहा मिनिटं बसायचं, वहीत एकच ओळ लिहायची आणि मांडीवर बोटांनी तो कायदा एकदा वाजवायचा. लिहून उपयोग कमी झाला, बोटांनी वाजवून जास्त झाला. आणि तीन प्रश्न पाठ केले: माझं शरीर आत्ता कुठे झोपलंय, उद्या वार कोणता, मला काय वाजवायचंय. ते दिवसासुद्धा विचारायचे, लाल काही दिसलं की, सिग्नल, गाडीचा ब्रेकलाईट, मिक्सरचा दिवा. हे कंपनीच्या माहितीपत्रकात नाही, माझं मी बसवलं.

अकराव्या आठवड्यात स्वप्नात गणपतीचा मांडव होता आणि लाल माळा लुकलुकत होत्या. कळल्यावर उडायची ओढ आलीच, पण आधी प्रश्न आला, शरीर कुठे? आणि आठवलं, खिडकीकडच्या बाजूला, डाव्या कुशीवर, उद्या गुरुवार, सरांचा क्लास. ते आठवताच मांडवातला सगळा आवाज जरा मागे गेला आणि मी वळले तर तबला ठेवलेला होता. शाई, म्हणजे तबल्यावरचा काळा गोल, ओलसर लागली हाताला. सुरू केलं, धा धा तिट, आणि पुढचे बोल गळत होते, तिना दोनदा यायचा, डग्गा मधेच गायब. पण तिट मी स्वच्छ ऐकलं, आणि माझी तर्जनी दिसली, ट वाजवून झाल्यावर ती शाईवरून उगीच इतकी वर उचलली जात होती. सर हेच सांगतात महिनोन्महिने, बोट उचलू नका हो मॅडम, नुसतं पडू द्या. मी स्वप्नात ते पडू दिलं, चार-पाच आवर्तनं झाली असतील, मग सगळं विरलं. त्या गुरुवारी दुगुनीत तिट सुटं वाजलं. स्वप्नामुळे की इतक्या महिन्यांच्या रियाजामुळे ते मी ठरवू शकत नाही. तेव्हापासून अशी कामाची स्वप्नं एकूण सहा झालीत, त्यातल्या दोनमध्ये मास्क घातलाच नव्हता.

आता वस्तूबद्दल. कापड छान आहे, घाम येत नाही, बॅटरी तीन रात्री जाते. ब्राइटनेस दोनवर ठेवा, चारवर मला दर वेळी जागच आली. मास्क डोळ्यांची हालचाल ओळखून लाईट लावतो असं लिहिलंय, पण मी टक्क जागी पडलेली असतानासुद्धा तो दोनदा लागला, त्यामुळे मी सरळ टायमर वापरते, झोपल्यापासून साडेचार तासांनी सुरू. कुशीवर झोपणाऱ्यांना मागचं बक्कल टोचतं. पट्टा सातव्या आठवड्यात सैल झाला, कस्टमर केअरला तीन मेल केले, बदलून देतो म्हणाले, अजून आलेला नाही. ॲपमध्ये स्वप्न लिहायची जागा आहे पण मराठी टाईप केलं की जोडाक्षरं तुटतात, म्हणून वहीच बरी.

फिट येण्याचा त्रास असेल तर लुकलुकणाऱ्या लाईटच्या वाटेला जाऊ नका, आणि आधीच झोप कमी असेल, घरात तान्हं बाळ असेल तर पहाटे उठायचं हे आत्ता नको. बाकीच्यांनी आधी महिनाभर नुसती वही आणि साडेचारचा गजर करून बघा, पैसे लागत नाहीत. त्यात स्वप्नं आठवायला लागली आणि तुमच्याकडे तिथे नेण्यासारखं एखादं नेमकं काम असेल, भाषण, सूर, गाडी रिव्हर्स घेणं, काहीही, तर मग मास्क घ्या, लाईटची मदत होते हे मी माझ्या अनुभवाने सांगते. मी पाचपैकी साडेतीन देतेय. पट्टा बदलून आला की इथे येऊन चार करेन.