मंत्र्यांचा जनता दरबार, नाशिक: मामांच्या घरकुलाचा प्रश्न घेऊन गेले होते

पाचपैकी साडेतीन तारे. मंत्र्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोणत्याही पक्षाचे मंत्री असोत, सामान्य माणसाला या व्यवस्थेचा उपयोग होतो का, एवढंच मला सांगायचंय.

मी पंचवटीत शिवणकाम करते. माझे मामा जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगरी पट्ट्यात राहतात. घरकुल मंजूर झालं म्हणून त्यांनी जुनं कुडाचं घर उतरवलं. काम जोत्यापर्यंत आलं, अभियंता येऊन जिओ टॅगचा, म्हणजे जागेची नोंद असलेला, फोटो काढून गेला, आणि त्यानंतर दुसरा हप्ता आलाच नाही. घरातली पाच माणसं गोठ्यात, ताडपत्रीखाली. मे महिना उजाडला होता. तिकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय, त्यांना आमच्या पोटात गोळा का आला ते कळेल.

नियम मी तोवर तोंडपाठ केले होते. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण, २०१६ पासूनची. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी-दुर्गम भागात १ लाख ३० हजार. घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, त्यातच स्वयंपाकाची जागा. रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी वेगळी, शौचालयाचे १२ हजार वेगळे. पैसे टप्प्याटप्प्यानं, थेट बँक खात्यात. मामा तालुक्याच्या कार्यालयात सात वेळा जाऊन आले. दर वेळी एक रोज बुडायचा आणि उत्तर एकच मिळायचं, ‘वरून आलं नाही.’ हे वर म्हणजे नेमकं कुठे, ते कुणी सांगायचं नाही.

दरबाराच्या दिवशी मामा आदल्या रात्रीच माझ्याकडे मुक्कामाला आले. सकाळी साडेसातला आम्ही रांगेत होतो, टोकन मिळालं ६३ नंबरचं. टोकनाची पद्धत चांगली आहे. टेबलावरच्या मुलीनं आमचा अर्ज वाचला, ‘घरकुल, हप्ता’ असं वर लिहिलं आणि त्यावर तारखेचा शिक्का मारून आम्हाला प्रत दिली. सात हेलपाट्यांत मामांच्या हातात पडलेला हा पहिला कागद. दहाची वेळ दिली होती, मंत्री अकराला आले. त्यानंतर पुष्पगुच्छ, फोटो, मग २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरातले रस्ते आणि घाट यांवर तासभर प्रश्न. ते प्रश्नही खरे आहेत, मी नाशिकचीच आहे. पण धुळे-नंदुरबारहून रात्रीची एसटी पकडून आलेली माणसं मागच्या खुर्च्यांवर बसून होती आणि त्यांचा नंबर दुपारी लागला. लांबून आलेल्यांना आधी बोलवायला काय हरकत आहे? बायकांसाठी स्वच्छतागृह एकच, त्यालाही कुलूप. किल्ली शोधायला वीस मिनिटं गेली.

उत्तरांचा दर्जा सारखा नव्हता. घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत हे ठीक, पण ट्रॅक्टरचं भाडं कुठून आणू, असं एकानं विचारलं. त्यावर ‘बघू, करू’ इतकंच. एका बाईचा उत्पन्नाचा दाखला रखडला होता. तिला मात्र शेजारच्या अधिकाऱ्यांनी पक्कं सांगितलं: लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, मुदत उलटली की खात्यातच पहिलं आणि दुसरं अपील करता येतं, तिसरं आयोगाकडे, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्या बाईनं ते पदराआडच्या वहीत लिहून घेतलं. मीही घेतलं. आमच्या तालुक्यात हे भिंतीवर रंगवलेलं मी पाहिलंय, पण माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मग आमचा नंबर. मामांच्या हातात माइक आला आणि त्यांचा आवाजच फुटेना. मी पुढे होणार, तेवढ्यात मंत्री म्हणाले, “बाबा, सावकाश. घर कुठवर आलंय?” मामा म्हणाले, “जोतं झालं साहेब. पुढं पैसा नाही.” त्यावर मंत्र्यांनी विचारलं, “हप्ता अडकलाय की परत गेलाय?” हा प्रश्न सात हेलपाट्यांत एकदाही कुणी विचारला नव्हता. त्यांनी अधिकाऱ्यांना तिथंच संगणकावर नोंदणी क्रमांक टाकायला लावला. पैसे निघाले होते आणि खात्यावरून परत फिरले होते! मामांची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, शाखेचा कोड बदलला, आणि अर्जात जुनाच राहिला. नवीन पासबुकची झेरॉक्स द्यायची, दुरुस्ती करून घ्यायची, एवढंच काम होतं. मामा खाली बसले आणि कितीतरी वेळ टोपी हातात धरून राहिले. मला रडू आलं, आणि रागही आला. हे तालुक्यातल्या संगणकावरही दिसतच असणार.

सव्वीस दिवसांनी हप्ता जमा झाला. मध्ये दोनदा मला फोन करावा लागला, पण दोन्ही वेळा शिक्क्याची तारीख आणि टोकन नंबर सांगितल्यावर समोरचा माणूस नीट बोलला. पावसाआधी भिंती उभ्या राहिल्या. यंदा वर पत्रे टाकलेत, स्लॅब दिवाळीनंतर.

कुणी जाणार असाल तर घरकुलाचा नोंदणी क्रमांक, रोजगार हमीचं जॉब कार्ड आणि ताजं पासबुक जवळ ठेवा. शेवटचा हप्ता कधी आला त्याची तारीख पाठ असू द्या. ‘पैसे मिळाले नाहीत’ असं मोघम सांगू नका, कोणत्या टप्प्यावर थांबलेत तेच विचारा. शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. आणि म्हातारं माणूस एकटं पाठवू नका, माइक हातात आला की भले भले गप्प होतात.

दीड तारा कापला त्यातला अर्धा उशिराचा आणि कुलपाचा. उरलेला एक टोकन ११४ चा. नंदुरबारकडच्या त्या आजी माझ्या शेजारी पाच तास बसल्या होत्या, शिदोरीतली नागलीची भाकरी त्यांनी आम्हालाही दिली. नाव यादीत असून घरकुल का नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. चार वाजता मंत्री पुढच्या कार्यक्रमाला निघाले तेव्हा नंबर ९७ चालू होता. बाकीच्यांचे अर्ज गोळा करून घेतले, उत्तर पोस्टानं येईल म्हणाले. आजींच्या नातवाचा नंबर माझ्याकडे आहे. परवाच फोन केला होता. पत्र अजून आलेलं नाही.